लोकॉस्टसाठी पोलोचा रेडिएटर: घ्यावा का आणि बसवावा कसा

लोटस सेव्हन १९५७ साली आली, १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि त्या धाटणीच्या गाड्या ब्रिटनमध्ये लोक आजही घरच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करून उभ्या करतात. त्यांतला सगळ्यांत स्वस्त प्रकार म्हणजे लोकॉस्ट: एक इंची चौकोनी पाइपची चॅसिस, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं किंवा सिएराचं इंजिन आणि पुढे फायबरचं निमुळतं नाक. या नाकात फोर्डचा मूळ उंच रेडिएटर मावत नाही. म्हणून बरेच बिल्डर फोक्सवॅगन पोलो-गोल्फच्या जुन्या मॉडेलला बसणारा छोटा रेडिएटर घेतात. इथे परीक्षण आहे ते त्याचंच: ४३० × ३२२ × ३४ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम कोअर (पाण्याच्या नळ्या आणि पातळ फिनची जाळी) आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टाक्या.

आमचं मत आधीच सांगतो. रस्त्यावर चालवायच्या १.६ लिटरच्या क्रॉसफ्लोपासून साध्या २ लिटरच्या झेटेकपर्यंत (दोन्ही फोर्डची इंजिनं) हा रेडिएटर पुरतो. ‘पोलोचा लावला आणि गाडी उकळते’ ही तक्रार बहुतेक वेळा बसवण्याच्या पद्धतीची असते. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारायच्या असतील किंवा इंजिन दोनशे अश्वशक्तीच्या आसपास नेलं असेल, तर मात्र मोठा, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घ्यावा. त्याला कितीतरी जास्त पैसे पडतात, पण नळ्यांची तोंडं हवी तिथे करून मिळतात आणि प्लास्टिक-धातूचा दुमडलेला जोड राहत नाही.

तो दुमडलेला जोड हीच पोलोच्या रेडिएटरची नाजूक जागा. टाकी कोअरला पत्र्याच्या दातांनी आवळलेली असते आणि मध्ये रबरी सील असतं. चॅसिसला पिळ बसला की कडक बांधलेला रेडिएटरही पिळला जातो, आणि पहिली गळती इथूनच सुरू होते. म्हणून वजन खालच्या दोन खुंट्यांवर, रबरी बुशांमधून घ्यायचं. खालच्या आडव्या पाइपवर २५ × २५ × ३ मिमीच्या अँगलचे दोन तुकडे लावा, त्यांना बुशाच्या मापाची भोकं पाडा आणि रेडिएटर वरून आत उतरवा. वरच्या बाजूला एम६ स्टडचे दोन रबरी बॉबिन (स्टड असलेले रबराचे गुटके) आणि पातळ पट्टी पुरे. पट्टीने रेडिएटर नुसता धरायचा, दाबायचा नाही. हाताने हलवल्यावर दोन-तीन मिमी डुलला पाहिजे. टाकीला भोक पाडून स्क्रू मारणं किंवा दातांच्या पट्टीवर क्लॅम्प बसवणं अजिबात नको.

जागा ठरवताना आधी पुठ्ठ्याचा डमी करा. कोअर ४३० मिमीचा असला तरी टाक्या धरून रुंदी आठ-दहा सेंमीने वाढते, आणि होजचं वळण वेगळंच. मागे स्टिअरिंग रॅक आणि इंजिनची पुली असते, त्यामुळे फॅनच्या मोटरसाठी किती खोली उरते ते नाक लावून आणि चाकं दोन्ही टोकांना वळवून मोजा. नळ्यांची तोंडं कोणत्या बाजूला आहेत तेही विकत घेण्याआधी बघा. ती इंजिनच्या वॉटर पंपाच्या विरुद्ध बाजूला आली, तर खालचा होज रॅकखालून फिरवावा लागतो आणि रस्त्यावरच्या दगडाला तोच पहिला सापडतो.

आता हवा. जास्तीत जास्त चुका इथेच होतात. कोअरचं तोंड सुमारे १३८५ चौ. सेंमी भरतं. नाकाचं तोंड त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण ४६० चौ. सेंमी असलं तरी चालतं, पण आत आलेली सगळी हवा कोअरमधूनच गेली पाहिजे. कोअरमधून जाताना हवेला अडथळा होतो. कडेला दोन बोटांची फट दिसली की ती तिकडून सटकते. नाकाच्या तोंडापासून कोअरच्या चारही कडांपर्यंत १ मिमी अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचं बोगद्यासारखं आवरण करा आणि कडेला बंद पेशींचा फोम चिकटवा. पत्रा रेडिएटरला नव्हे, चॅसिसला रिव्हेट करायचा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्याचा गुण मोठ्या रेडिएटरपेक्षा जास्त येतो. आत आलेली हवा बाहेर जायलाही वाट हवी: बॉनेटच्या बाजूला लूव्हर (हवेसाठीच्या तिरक्या फटी) नसतील आणि खालून पूर्ण पत्रा मारला असेल, तर इंजिनभोवती दाब साचतो आणि वेगात असतानाच गाडी गरम होते.

फॅनचंही गणित करून पाहा. १० इंची फॅनचं वर्तुळ ५०७ चौ. सेंमीचं, म्हणजे कोअरच्या जेमतेम ३७ टक्के. तो थेट कोअरला चिकटवला तर सिग्नलवर उभ्या गाडीचा बाकीचा कोअर जवळपास रिकामा बसतो. मागे २५-३० मिमी अंतर ठेवून पूर्ण कोअर झाकणारं आवरण, म्हणजे श्राउड, केलं की फॅन सगळीकडून हवा ओढतो. श्राउडच्या कोपऱ्यांत रबरी झडपा ठेवल्या तर वेगात त्या आपोआप उघडतात. फॅनबरोबर मिळणारे, कोअरमधून आरपार घालायचे प्लास्टिकचे टाय वापरू नका. कंपनाने ते नळ्या घासून भोक पाडतात. मोटरची वायर उलटी लागली तर फॅन उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या हवेशीच झगडतो. पहिल्यांदा सुरू केल्यावर मागे कागद धरून दिशा तपासा. फॅनसाठी वेगळा रिले, वेगळा फ्यूज आणि २.५ चौ. मिमीची वायर द्या. स्विचमधून थेट करंट नेऊ नका.

या रेडिएटरची मोठी सोय म्हणजे टाकीतच थर्मोस्विचसाठी एम२२ × १.५ आट्याचं भोक असतं. नेहमीचा स्विच ९२ अंशांना फॅन लावतो आणि ८७ ला बंद करतो. हा स्विच थंड होऊन निघालेल्या पाण्याच्या बाजूला येत असेल, तर तिथे ९२ होईपर्यंत इंजिनजवळचा काटा बराच वर गेलेला असतो. अशा वेळी कमी तापमानाचा स्विच घ्या. प्लास्टिकचा आटा आहे, पाना जपून फिरवा.

दुसरी गोष्ट लोक विसरतात: या रेडिएटरला स्वतःचं झाकण नसतं. फोक्सवॅगनमध्ये दाबाचं झाकण एक्स्पान्शन टाकीवर (तापून फुगलेलं पाणी सामावणारी वेगळी टाकी) असतं. सेव्हनचं नाक इंजिनच्या हेडपेक्षा खाली असल्यामुळे हवा रेडिएटरमधून आपण होऊन बाहेर पडत नाही. टाकी बल्कहेडवर (इंजिन आणि बसायच्या जागेमधली भिंत), सगळ्या सर्किटच्या वर बसवा. तिच्या तळातून जाड नळी वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला, आणि रेडिएटरच्या व थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) हाउसिंगच्या माथ्यावरून ६-८ मिमीच्या बारीक नळ्या टाकीच्या वरच्या भागात. या बारीक नळ्या सतत चढत्या हव्यात; मध्ये एक झोल राहिला तरी तिथे हवा अडते. झाकण १ बारचं घेतलं तर साधं पाणीही सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्याच दाबाने ३२ मिमीच्या होजला सुमारे ८ किलोचा धक्का बसतो, म्हणून जोडाला वापरलेल्या अ‍ॅल्युमिनियम पाइपच्या टोकाला फुगवटा काढलेला हवाच. गुळगुळीत पाइपवरून क्लिप कितीही आवळली तरी होज कधीतरी सुटतो. इंजिन त्याच्या रबरांवर हलतं, त्यामुळे प्रत्येक लाइनीत लवचीक होजचा एक तुकडा मोकळा ठेवा.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) बंद करतो, तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं.

त्रास झालाच तर लक्षणं नीट वाचा. उभी असताना गरम, चालताना थंड: फॅन किंवा श्राउड. गावात ठीक, हायवेवर गरम: कडेच्या फटी, बाहेर पडायची कोंडलेली वाट, किंवा वॉटर पंपाच्या ओढीने चपटा होणारा खालचा होज. होज चपटा होत असेल तर आत स्प्रिंग घाला. काटा वरखाली नाचतो आणि हीटर थंड: हवा अडकली आहे. हवा काढून झाल्यावरही टाकीत बुडबुडे थांबत नसतील, तर रेडिएटरला दोष न देता हेड गॅस्केट तपासा.

ब्रिटनमध्ये अशी गाडी रस्त्यावर आणायला आयव्हीए (एकेका गाडीला सरकारी मंजुरी देणारी) तपासणी लागते. १०० मिमी व्यासाचा गोळा जिथे टेकू शकतो, अशा बाहेरच्या कडांना किमान २.५ मिमीची गोलाई हवी. नाकाच्या तोंडातून दिसणारे ब्रॅकेट आणि जाळीच्या कापलेल्या कडा यावरच अडतात, तेव्हा जाळी आतल्या बाजूने लावून कडेवर रबरी पट्टी चढवा.

आपल्याकडे फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाड्या करणाऱ्या कॉलेजच्या टीमना हा रेडिएटर मोठाच पडेल, पण सीलबंद हवामार्ग आणि श्राउडचं वरचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू आहे. त्यांच्या नियमांत कूलंटऐवजी साधं पाणीच चालतं, आणि ओव्हरफ्लोच्या डब्यात किमान ९०० मिली किंवा एकूण पाण्याच्या १० टक्के, यांतलं जे जास्त ते मावलं पाहिजे.

जुना रेडिएटर भंगारातून घेऊ नका. कोअरच्या जाळीवर बोट फिरवल्यावर फिन भुगा होऊन गळत असतील, तर तो पाणी धरेल पण उष्णता सोडणार नाही. नवा सुटा रेडिएटर, नवे बुश आणि नवा थर्मोस्विच एकदमच मागवा.