'कोलंबो'चा डीव्हीडी संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

सत्तरच्या दशकातल्या 'कोलंबो' या अमेरिकन टीव्ही रहस्यमालिकेचा संच गेले काही महिने जेवणं उरकली की लावतोय. चित्र स्वच्छ आहे. इंग्रजी सबटायटल्स आहेत आणि पोलीस अधिकारी कोलंबो रंगवणारा पीटर फॉक पुटपुटतो म्हणून ती लागतातच. डिस्क एकमेकींवर रचून ठेवल्यात, काढताना ओरखडे पडतात. घेण्याआधी आपला प्लेअर कुठल्या रीजनच्या, म्हणजे जगाच्या कुठल्या भागासाठी काढलेल्या, डिस्क वाचतो ते बघा. यंत्राबद्दल एवढंच.

खुनी कोण हे इथे सुरुवातीलाच कळतं. खुनी म्हणजे त्या भागाचा पाहुणा नायक, बड्या नटाची जागा. म्हणूनच सगळे भाग ओळीने पाहिले की एक गोष्ट खुपते: त्या जागेवर कृष्णवर्णीय नट एकदाही नाही. लॅटिन नट मात्र आहेत. 1976 च्या मेक्सिकोतल्या भागात रिकार्डो मोंटलबान बुलफायटर आहे. मेक्सिकोत जन्मलेला नट मेक्सिकन माणूस रंगवतो, आणि तिथला पोलीस अधिकारीही पेद्रो आर्मेन्दारिझ धाकटा. उलट 1975 च्या भागात 'सुआरी' नावाचा कल्पित अरब देश आणि त्याचा मुत्सद्दी हेक्टर एलिझोंडो, म्हणजे पोर्तो रिकन वंशाचा न्यूयॉर्ककर. काम झकास करतो, पण तेव्हाच्या टीव्हीला सावळा रंग एवढा पुरत होता.

माझं लक्ष खिळलं ते जेम्स मॅकीचिनवर. कोरियाच्या युद्धात लढलेला हा कृष्णवर्णीय नट 1972 च्या 'एट्यूड इन ब्लॅक'मध्ये छोट्या भूमिकेत आहे. (त्याच भागात पॅट मोरिता बंगल्यातला नोकर आहे, हेही टिपून ठेवा.) पुढच्याच वर्षी 'कोलंबो'च्या निर्मात्यांनी, लेव्हिन्सन आणि लिंक यांनी, त्याला 'टेनाफ्लाय'चा नायक केलं: लॉस एंजेलिसमधला बायकामुलांत रमणारा, पगारी खाजगी गुप्तहेर. एनबीसी वाहिनी 'कोलंबो'सारखे वेगवेगळे गुप्तहेर एकाच रहस्यपट-मालिकेच्या नावाखाली आलटून पालटून दाखवायची, त्यातलंच हे एक चाक, पण एकाच हंगामात बंद पडलं. 1978 मध्ये मॅकीचिन परत 'कोलंबो'त आला, प्रोजेक्शनिस्ट, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारा होऊन.

त्या भागातली खुनी टीव्ही कंपनीतली अधिकारी बाई. रीळ बदलायच्या वेळेवर तिने आपली अॅलिबी, म्हणजे खुनाच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हा पुरावा, बेतलेली. पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर येणारी खूण, ती दिसली की दुसरं प्रोजेक्टर सुरू करायचं, हे सगळं मॅकीचिनचा वॉल्टर कोलंबोला शिकवतो. शिकवताना त्याला आपल्या कामाचा अभिमान आहे, आणि कोलंबो शाळकरी पोरासारखा ऐकतो. भूमिका छोटीच, पण खुनाची किल्ली त्याच्या हातात. ही मालिका वर्गाबद्दल जेवढी हुशार आहे तेवढी वर्णाबद्दल नाही असं माझं मत. चुरगळलेल्या रेनकोटातला हा इटालियन वंशाचा पोलीस मोलकरणी, ड्रायव्हर, तंत्रज्ञ यांच्याशी बोलतो आणि तिथूनच मालक सापडतो. पण बिगरगोरे चेहरे बहुतेक त्याच दारातून आत येतात. 1990 च्या एका भागात रॉस्को ली ब्राऊन मानसोपचारतज्ज्ञ म्हणून दिसतो, तोवर काळ बराच पुढे गेला होता.

मॅकीचिनला नंतर वकील पेरी मेसनच्या टीव्हीपटांत पोलीस अधिकारी ब्रॉकची भूमिका मिळाली, 1995 पर्यंत. पुढचा संच तोच घेणार आहे.

जुन्या रहस्यपटांची आवड असेल तर बिनधास्त घ्या. क्रमाने जायची सक्ती नाही. 1978 चा तो प्रोजेक्शनिस्टवाला भाग आधी लावलात तरी चालेल.