एम.पी.एच. की एम.एच.ए.? माझा निर्णय पत्त्याच्या रकान्याने केला

बी.ए.एम.एस. किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालंय, इंटर्नशिप संपलीय, स्वतःचा दवाखाना टाकायचा नाही एवढंच पक्कं आहे. लातूर-धाराशिवकडची अशी बरीच मुलंमुली हल्ली एकच प्रश्न घेऊन फोन करतात: सर, एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करू की एम.एच.ए. (रुग्णालय प्रशासनाची)? मी एम.पी.एच. केलं. पण त्याआधी आठ महिने संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात प्रशासन विभागात होतो आणि एम.एच.ए.चा फॉर्मही भरून तयार होता. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार बोलू शकतो.

एम.एच.ए. झालेल्याला काम लवकर मिळतं. नांदेड, लातूर, संभाजीनगरला मोठी खासगी रुग्णालयं उभी राहिलीत. एन.ए.बी.एच. या रुग्णालयांच्या दर्जाच्या मानांकनाची कागदपत्रं, विम्याचे दावे, महात्मा फुले योजनेच्या फायली हे सगळं सांभाळणारं माणूस प्रत्येकाला हवं असतं. घराजवळ राहता येतं, हेही आपल्याकडे लहान नाही. आणि हे काम कोरडं आहे असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. माझी एक वर्गमैत्रीण एम.एच.ए. करून नांदेडला लागली. डॉक्टरांनी सकाळी दहाला ‘घरी जा’ म्हटलं तरी गावाकडचा माणूस शेवटची एस.टी. चुकेपर्यंत बिलाच्या खिडकीशी उभा असायचा. तिने फाईलचा प्रवास टेबलाटेबलाने तपासला आणि हे काम दुपारच्या जेवणाआधी संपेल असं बसवलं. किती नातेवाइकांची रात्र बाकड्यावर जायची वाचली असेल!

मग मी तिकडे का गेलो नाही?

जूनचा पहिला आठवडा होता. जुलाब-उलट्यांनी पार सुकलेली चार मुलं तीन दिवसांत भरती झाली. दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर एका मुलाची आई दुसऱ्याच्या आईचा डबा विसळून देत होती. ओळख इथलीच का, विचारलं. ‘नाही हो, आमची वस्ती एकच. टँकर येतो ना, तिथं रोज भेट होते.’ मी लगेच संगणकावर चौघांची नोंद काढली. एकाच्या पत्त्यात ‘पैठण’, दुसऱ्याच्या ‘पैठण रोड’, तिसऱ्याच्या ‘बिडकीन’, चौथा रकाना रिकामा. मोबाईल नंबर टाकल्याशिवाय ते सॉफ्टवेअर पुढे सरकत नसे. गावाचं नाव मात्र सोडून दिलं तरी चाले.

गावाचा रकानाही सक्तीचा करा, असं मी सांगून पाहिलं. नोंदणीच्या खिडकीवर रांग वाढेल, असं उत्तर आलं. महिन्याने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. त्यांची अडचण खोटी नव्हती. सकाळी नऊला तिथे खरंच उभं राहायला जागा नसे. मुलं बरी होऊन घरी गेली, रुग्णालयाने आपलं काम चोख केलं. पण ती परत त्याच टँकरचं पाणी प्यायला गेली, आणि पाचवं मूल कुठून येणार हे सांगणारी एकच ओळ आमच्याकडे कोरी होती. ते मला फार सलत राहिलं. एम.एच.ए.चा फॉर्म मी पाठवला नाही.

एम.पी.एच.च्या साथरोगशास्त्राच्या पहिल्याच तासाला तीन शब्द फळ्यावर आले: व्यक्ती, स्थळ, काळ. मग १८५४ सालचं लंडन. सोहो भागात पटकीने (कॉलराने) माणसं मरत होती. जॉन स्नो या डॉक्टरने मृतांची घरं शोधली, ती ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेली दिसली, आणि त्याच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढला गेला. पुढे त्याने ती घरं नकाशावरही दाखवली. पटकीचा जंतू तेव्हा डॉक्टरांच्या ओळखीचाही नव्हता, हाताशी पत्ते होते. वर्गात बसून माझ्या डोळ्यांपुढे ते चार रकाने होते.

पुढे प्रशिक्षणात एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्य सेवकाबरोबर गावं फिरलो. टँकर विहिरीत रिकामा झाला की टी.सी.एल. पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची भुकटी, पडली का ते बघायचं, नळाच्या पाण्यात ओ.टी. या तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पाणी पिवळं होतंय का, म्हणजे त्यात क्लोरीन आहे का, पाहायचं. एका गावात पाणी पांढरंच राहिलं. पावडरीचं पोतं ग्रामपंचायतीच्या खोलीत उघडं पडून दमट झालं होतं, जोर गेला होता. त्या दुपारी नवं पोतं आलं. तिथे किती आजार टळले ते मला कधीच सांगता येणार नाही, आणि या कामात असंच असतं. बरा झालेला रुग्ण समोर दिसल्याशिवाय ज्याला समाधान वाटत नाही, त्याने हे आधी स्वतःला विचारावं.

एम.पी.एच.च्या अडचणीही सांगतो. सरकारी कार्यक्रमांतली बरीच पदं करारावरची असतात, काही जाहिरातींत एम.बी.बी.एस. किंवा एम.डी.ला आधी पसंती असते. स्वयंसेवी संस्थांची कामं प्रकल्प असेपर्यंत. घरी ‘डॉक्टर होऊन सुई का देत नाहीस?’ हे वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. घरावर कर्ज असेल आणि पगार पुढच्या वर्षीच सुरू व्हायला हवा असेल, तर एम.एच.ए. निवडणाऱ्याला मी अडवणार नाही.

तरी आपल्या भागातल्या मुलांजवळ एक भांडवल असतं, ते एम.पी.एच.मध्येच पुरतं कामी येतं असं मला वाटतं. सर्वेक्षणाच्या छापील प्रश्नात ‘योनिमार्गातून स्राव होतो का’ असं असतं. बाई मान खाली घालून ‘नाही’ म्हणते. ‘अंगावरून पांढरं जातं का, मावशी?’ असं आमच्या वर्गातल्या बीडच्या मुलीने विचारलं, तर तीच बाई अर्धा तास बोलली. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या बाळाची लस कुठे चुकते, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

फॉर्म भरण्याआधी दोन दिवस काढा. बीडच्या सीमेला लागून जामखेड आहे. तिथे १९७० पासून आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने गावातल्या, कित्येक निरक्षर, बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन ही गावांतल्या आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. परवानगी घेऊन एक दिवस यांपैकी कुठेतरी घालवा, दुसरा दिवस एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीमागे. आणि एम.पी.एच.चं ठरलंच तर सुट्टीतच सरासरी, प्रमाण, संभाव्यता पुन्हा हातात घ्या. माझं गणित दहावीनंतर सुटलं होतं, पहिलं सत्र त्यातच गेलं.