अर्थशास्त्रात सूक्ष्म (एकेका वस्तूचा, बाजाराचा अभ्यास) आधी वाचायचं की स्थूल (अख्ख्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा)?

राज्यसेवेची पूर्व दोन-तीन महिन्यांवर आली असेल तर विचार करत बसू नका, सरळ स्थूल घ्या. रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो), राजकोषीय तूट, महागाई निर्देशांक, प्रश्न जास्त तिथूनच येतात. बाकीच्यांसाठी हे लिहितोय, म्हणजे ज्यांना अर्थशास्त्र मुळातून समजून घ्यायचंय आणि सुरुवात कुठून करावी कळत नाहीये.

स्थूल आधी गोडी लावतं हे मान्य. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो ४ वरून ४.४० टक्के केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० वर नेला, त्या काळात होम लोनवाल्या घरांत आपोआप शिकवणी सुरू झाली, आमच्याकडे तर हप्ता तेवढाच राहिला आणि मुदतच वाढली, ते पण स्टेटमेंट नीट बघितलं तेव्हा कळलं.

पण मला स्थूलचा एक त्रास कायम राहिला. आकडा हातात ठरत नाही. मी २०१३-१४ ची जीडीपी वाढ ४.७ टक्के म्हणून वहीत लिहून ठेवलेली, जानेवारी २०१५ ला आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरून मोजतात ते) २००४-०५ चं २०११-१२ केलं आणि त्याच वर्षाची वाढ झाली ६.९ टक्के! वर्ष तेच, कारखाने तेच, माणसं तीच. पद्धत बदलली, कंपन्यांची माहिती जास्त व्यापक घेतली, कारणं असतील योग्य, मी काही सांख्यिकीवाला नाही. पण नवशिक्याने जायचं कुठे? वाढ खरी किती हे स्वतः बघायची सोयच नाही, कुणावर तरी विश्वास ठेवायचा.

सूक्ष्ममध्ये निदान बाजारात जाऊन बघता येतं. कांदाच घ्या. भाव दुप्पट झाला म्हणून आपण कांदा निम्मा करत नाही, किलोमागे पाव किलो कमी करू फार तर, ही झाली अलवचिक मागणी. त्यामुळेच पीक जोरात आलं की भाव एवढा पडतो की शेतकऱ्याच्या हातात एकूण पैसा उलट कमी येतो. त्यात उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, लाल कांदा टिकत नाही, काढला की ट्रॉली भरून लासलगावला न्यायचा आणि मिळेल त्या भावाला द्यायचा. आता डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी आठवा, नेमकी लाल कांद्याच्या हंगामात. बाहेरची मागणी गेली, मागणीचा वक्र डावीकडे सरकला, आणि माल थांबवून ठेवायची सोय नाही. लवचिकतेचं अख्खं प्रकरण यात येतं.

आणि हे डोक्यात बसलं की स्थूलही सोपं जातं असं आपलं मला वाटतं. २०१२ च्या मालिकेतल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन जवळजवळ ४६ टक्के होतं, म्हणजे कांदा-टोमॅटो महागले की महागाई रिझर्व्ह बँकेच्या ४ टक्क्यांच्या लक्ष्यापासून ढळायची, आणि रेपो वाढवून कांदा काही जास्त पिकत नाही. रिझर्व्ह बँकेची ही पंचाईत सूक्ष्म वाचलेल्याला लगेच कळते, बाकीच्यांना समजावून सांगावी लागते.

सूक्ष्ममधले उदासीनता वक्र पहिल्या वाचनात सोडलेत तरी चालेल, बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. मागणी, पुरवठा, लवचिकता, संधी खर्च, मक्तेदारी एवढं झालं की स्थूलला या, आणि तिथे जीडीपीच्या सूत्रात आयात वजा का करतात ते पहिल्यांदा समजून घ्या. आयात वाईट म्हणून नाही, ती उपभोग, गुंतवणूक आणि सरकारी खर्चात आधीच मोजलेली असते म्हणून.