फोर्ड एफ-५३ वरील मोटारहोम: डुलणे कमी करावे की दणके?

अमेरिकेत पेट्रोलवर चालणारी, बसच्या आकाराची बहुतेक मोटारहोम (आत राहण्याची सोय असलेल्या गाड्या) फोर्डच्या एफ-५३ चासीवर, म्हणजे चाके-इंजिनासह तयार सांगाड्यावर, बांधलेली असतात. या चासीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) असून त्यावर उंच, सपाट भिंतींचे घर चढते. म्हणून वळणावर गाडी कलते आणि काँक्रीटच्या सांध्यांवर दणके देते. या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत आणि एकीवरचा उपाय कित्येकदा दुसरी वाढवतो.

कोणताही सुटा भाग घेण्यापूर्वी, प्रवासाचे सगळे सामान भरून, प्रत्येक चाकावरचे वजन करून घ्यावे. टायरवर छापलेला कमाल दाब सरसकट भरल्यामुळेच अनेक गाड्या कडक चालतात. टायर कंपनीच्या तक्त्यातून ॲक्सलच्या जड बाजूला लागणारा दाब काढून तोच दोन्ही बाजूंना ठेवला, तर निम्मी तक्रार तिथेच मिटू शकते.

जाड अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी, कलणे नक्की रोखतो. दोन्ही चाके एकदम उंचवट्यावर चढली तर तो आड येत नाही; पण एकच चाक खड्ड्यात गेले की तो धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचवतो आणि आत बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हिंदकळतात. त्यामुळे आधी मूळ बारच्या टोकाला जोडलेला दुवा त्याच टोकाच्या आतल्या भोकात बसवून पाहावा. बारची भुजा आखूड होऊन तो ताठ होतो, खर्च जवळजवळ शून्य, आणि न रुचल्यास दुवा परत बाहेरच्या भोकात लावता येतो.

हेलकावे शमवणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरची गोष्ट निराळी आहे. घराचे संथ हेलकावे आणि चाकाचे जलद उसळणे या दोन हालचालींना कोनी कंपनीच्या एफएसडीसारखे शॉक वेगवेगळा प्रतिसाद देतात, म्हणून दोन्ही तक्रारी थोड्या थोड्या कमी करणारा हा एकच पर्याय मला पटतो. मात्र वळणात गाडी किती कलेल हे ते ठरवत नाहीत. ते फक्त कलण्याचा वेग कमी करतात.

पाट्यांना जोडीला लावायच्या हवेच्या पिशव्या मागून खाली दबलेली गाडी उचलतात, परंतु ताठपणाही वाढवतात. वजनकाट्याने गरज दाखवली तरच त्या घ्याव्यात.

वायोमिंगमधल्या आय-८० महामार्गासारख्या वाऱ्याच्या रस्त्यावर ट्रक शेजारून जाताच शेपूट ढकलली जात असेल, तर मागच्या ॲक्सलला पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आणि चासी यांना आडवा जोडणारा दांडा) लावावा: तो आडवी सरक थांबवतो आणि आरामाला फारसा धक्का लावत नाही. केवळ सांध्यांचे दणके सतावत असतील, तर टायरचा दाब आणि शॉक यांवरच थांबावे.