पाच ते सत्तर पाउंडांचं कंपाउंड धनुष्य: घरच्यांसोबत विस्कॉन्सिनमधला एक हंगाम

आधी निकाल सांगतो, मग कारणं. नवख्या माणसाने, आणि विशेषतः वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी, घ्यावं असंच हे धनुष्य आहे; ओढायचा जोर पाच ते सत्तर पाउंडांपर्यंत कमी-जास्त करता येतो. पण दुकानात ‘एकच घ्या, घरात सगळ्यांना चालेल’ असं सांगतात ते मनावर घेऊ नका. हंगाम सुरू झाला की एका धनुष्याला एकच माणूस.

एप्रिलमध्ये घेतलं, उन्हाळाभर अंगणात गवताच्या गासड्यांवर चालवलं आणि सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे इथल्या धनुष्याच्या पूर्ण हंगामात, शिकारीला नेलं. सोबत माझी चौदा वर्षांची लेक, तिचा मामा (तो इथे माझ्या आधीपासून शिकार करतो) आणि ज्यांच्या शेतावर आम्हाला परवानगी आहे ते सत्तरी ओलांडलेले शेतकरी. कंपनीचं नाव लिहीत नाही. या वर्गातली आणखी दोन-तीन धनुष्यं दुकानात ओढून पाहिली, आणि खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्यांनाही लागू आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद झाली आणि ते योग्यच आहे. इथली परिस्थिती उलटी आहे. विस्कॉन्सिनमध्ये पांढऱ्या शेपटीची हरणं दहा लाखांहून कितीतरी जास्त आहेत, लांडगे थोडे आणि तेही मुख्यतः उत्तरेत. दक्षिणेकडच्या मक्याच्या पट्ट्यात हरणांची संख्या आवरायला परवान्याची शिकार हाच मुख्य उपाय आहे. धनुष्याने हरणाची शिकार करायला वेगळा हंगाम देणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. १९३४ साली सॉक आणि कोलंबिया या दोन काउंटींत त्याची सुरुवात झाली. त्याच काळात मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवणारे निसर्गसंवर्धक अल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्यं घडवत, आणि त्यांची पत्नी एस्टेला राज्यातली अव्वल तिरंदाज होती. माझ्या लेकीला यातलं एस्टेलाबद्दलचं जास्त आवडलं.

आता धनुष्याबद्दल. कंपाउंड म्हणजे दोन्ही टोकांना कॅम, म्हणजे दोरी गुंडाळणारी चाकं, असलेलं धनुष्य. मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना त्याचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. ओढताना मधल्या टप्प्यात पूर्ण जोर लागतो, पण दोरी गालापर्यंत आली की कॅम फिरतो आणि हातावरचा भार एकदम उतरतो. माझ्या धनुष्यात तो ऐंशी टक्के उतरतो, म्हणजे ४० पाउंडांवर लावलेलं धनुष्य पूर्ण ओढल्यावर बोटांना ८ पाउंडच जाणवतं. हरीण झाडाआड थबकलं की ते पुढे सरकेपर्यंत ओढलेलं धनुष्य धरून थांबावं लागतं. लहान खांद्यांना ते जमतं ते याच सोयीमुळे.

‘पाच ते सत्तर’ हे आकडे खरे आहेत. दोन्ही फळ्यांचे (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या बाहूंचे) बोल्ट सारखेच आटे फिरवून जोर बदलतो, आणि कॅमवरचा मॉड्यूल (सरकता भाग) ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) सरकवून ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे येते ते, बदलते. त्यासाठी दुकानातल्या प्रेसची (धनुष्य दाबून दोरी सैल करणाऱ्या यंत्राची) गरज पडत नाही. जूनमध्ये लेक २५ पाउंडांवर होती, आणि ऑगस्ट संपता संपता तिने कुणी न सांगता ४० गाठले. हरणासाठी इथे कायद्याने किमान ३० पाउंड लागतात, आणि बाणाचं पातं धातूचं, धारदार, निदान पाऊण इंचाहून थोडं जास्त रुंद (नेमकं सांगायचं तर ७/८ इंच) हवं.

पण सकाळी तिने ४० वर मारायचं आणि संध्याकाळी मी तेच ५८ वर नेऊन मारायचं, हे कागदावरच सोपं आहे. जोर बदलला की साइटच्या (नेम धरायच्या दर्शकाच्या) सगळ्या पिना चुकतात. ड्रॉ लेंग्थ बदलली की दोरीतलं पीप (नेम धरताना ज्यातून बघायचं ते छोटं भोक) डोळ्यासमोरून हलतं. बाणाचा ताठरपणाही जोराप्रमाणे निवडावा लागतो. तिचे बाण माझ्या ५८ पाउंडांना मऊ पडतात, ते बाजूला जातात, आणि फार मऊ असले तर मोडण्याचा धोका. प्रत्येक बदलानंतर पुन्हा वीस यार्डांपासून सगळं जुळवायचं. लक्ष्यावर हे चालून जाईल. जिवंत प्राण्यावर बाण सोडायचा तर धनुष्य काल जिथे मारत होतं तिथेच आज मारतं याची खात्री हवी. म्हणून ऑगस्टमध्ये हे धनुष्य पूर्णपणे लेकीचं झालं, आणि मी तिच्या मामाचं जुनं, जड, पण एकदा बसवल्यावर न हलणारं धनुष्य घेतलं. त्यामुळे पुढचा अनुभव मुख्यतः तिच्या हातातला आहे.

वेगाबद्दल खोक्यावर सेकंदाला तीनशे फुटांच्या वरचा आकडा आहे. तो ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेन वजनाचा हलका बाण धरून मोजलेला असतो. ड्रॉ एक इंच कमी झाला की साधारण दहा फूट वेग जातो. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात तो आकडा कधीच येणार नाही, आणि तसा तो लागतही नाही. आवाज सेकंदाला सुमारे अकराशे फूट जातो, बाण अडीचशेच्या आसपास. तीस यार्डांवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंद आधी पोचतो, आणि तेवढ्यात ते उसळी घेण्यासाठी खाली दबतं. शंभर फूट वेग वाढवूनही हे सुटत नाही. दोनच उपाय: जवळून मारा आणि धनुष्य शांत ठेवा. आम्ही लेकीसाठी अठरा यार्डांची हद्द ठरवली. दोरीवर रबरी सायलेन्सर लावले, जिथे बाण टेकतो तिथे फेल्टची पट्टी चिकटवली. त्यानंतर हे धनुष्य मामाच्या महागड्या धनुष्याइतकंच गप्प झालं.

सोबत आलेल्या सामानात बाणाचं रेस्ट (टेकू) उत्तम. केसाळ कड्याचं आहे, बाण वाऱ्यात किंवा थरथरत्या हातातून खाली पडत नाही. साइट मात्र बदला. तिच्या पिनांचे स्क्रू उन्हाळ्यातच सैल पडू लागले. क्विव्हर (भाता) खडखडतो. आम्ही झाडावरच्या बैठकीवर, म्हणजे स्टँडवर, चढलो की तो काढून फांदीला अडकवतो. मूळ दोरी पहिल्या काही आठवड्यांत ताणली आणि पीप फिरलं, ते दुकानात प्रेसवर नीट करून घेतलं. घेतल्यावर लगेच पिना पक्क्या जुळवत बसू नका, दोरी आधी बसू द्या.

४० पाउंडांना उघडणारी, म्हणजे लागल्यावर पंख फाकणारी पाती वापरू नका. उघडण्यातच बाणाची ताकद खर्ची पडते. दोन धारांचं, टोकापासूनच कापत जाणारं स्थिर पातं घ्या आणि ते दाढीच्या ब्लेडइतकं धारदार ठेवा.

धनुष्याइतकाच पैसा मी अंगभर हार्नेस आणि जमिनीपासून वर जाणाऱ्या सुरक्षा-दोरावर खर्च केला. त्यात काटकसर करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. पाय जमिनीवरून सुटायच्या आधी हार्नेसची गाठ त्या दोरावर चढलेली हवी. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायचं. शिकारीत मोडलेली हाडं बहुतेक झाडावरून पडूनच मोडतात.

आमचं शेत ड्रिफ्टलेस भागात आहे, राज्याच्या नैऋत्येला. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी हा तुकडा सोडला, म्हणून इथे सपाटीऐवजी उंच कडे, ओकची रानं आणि खोल घळी आहेत. जवळच किकापू नदीचं खोरं आहे. तिथल्या साडेआठ हजार एकरांच्या राखीव जंगलातही परवान्यावर शिकार करता येते, आणि शेतावर मक्याची कापणी चालू असली की आम्ही तिकडे जातो. अशा डोंगराळ जागी वाऱ्याचं गणित वेगळंच. सकाळी ऊन चढलं की हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी गारठा पडला की तीच खाली घळीत उतरते. सकाळची जागा संध्याकाळी उपयोगाची नाही. वारा बघायला छोट्या बाटलीतून पावडर उडवत लेक हे इतकं शिकली, की ऑक्टोबरात ‘मामा, तू आज खालच्या ओकवर बसू नकोस, सहानंतर तुझा वास थेट त्यांच्याकडे जाईल,’ असं तिने सांगितलं आणि मामाने जागा बदलली.

तिला हरीण मिळालं ते त्याच सुमारास. दोघांच्या शिडीच्या स्टँडवर मी तिच्या शेजारी बसलो होतो. मादी एकटी आली, सोबत पाडस नव्हतं. सोळा यार्डांवर थबकली पण तोंड आमच्याकडे. लेकीने ओढलं आणि धरून ठेवलं. मादी वळून जरा तिरपी उभी राहीपर्यंत तिने बाण सोडला नाही, आणि या धनुष्याचं मला सर्वांत मोठं श्रेय द्यायचंय ते त्या थांबण्याचं. ७० पाउंडांच्या हट्टापायी थरथरणाऱ्या मोठ्या माणसांना मी अशा वेळी घाईने बाण सोडताना पाहिलंय. बाण खांद्यामागून शिरून पलीकडे जमिनीत रुतला. मामाचा फोनवर निरोप आला, ‘अर्धा तास कुणीही उतरायचं नाही.’ नियम पक्का आहे: फुप्फुसाचा घाव वाटला तरी अर्धा तास, पोटाचा संशय असेल तर कित्येक तास. घाईने माग काढला तर जखमी जनावर उठून दूर जातं आणि कुणाच्याच हाती लागत नाही. बाणावरचं रक्त फिकट गुलाबी आणि फेसाळ होतं, म्हणजे फुप्फुस. माग लेकीनेच काढला, पानावरच्या थेंबाथेंबाने, आणि घळीच्या काठाशी मादी सापडली. लेक बराच वेळ तिच्या मानेवर हात ठेवून बसली. आम्ही कुणी बोललो नाही.

माझ्या वाट्याला नोव्हेंबर आला. नरांचा माज पहिल्या पंधरवड्यात शिगेला असतो आणि दिवाळी बहुतेक त्याच्या आसपासच पडते. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाचं उटणं बिनवासाचं करावं लागतं, एवढी एक तडजोड घरात झाली. शिंगांना आठ टोकं असलेला एक नर बावीस यार्डांवर आला, मी ओढलं, आणि एक काटकी त्याच्या बरगडीवर आडवी होती. मी बाण न सोडता दोरी परत पुढे नेली. इथे लेकीच्या धनुष्याची बाजू सांगायला हवी. गारठ्यात बधिर हातांनी ओढलेली दोरी बाण न सोडता परत पुढे नेणं तिच्या धनुष्यावर सोपं आहे, मामाच्या जुन्या धनुष्याचा कॅम मात्र हात खेचून नेतो. विकत घेताना दुकानात हे करून बघाच. फक्त बाणाशिवाय दोरी सोडू नका, धनुष्य फुटतं.

मांसाबद्दल. २००२ पासून या भागात हरणांचा क्षयकारक रोग (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) आहे, मेंदू पोखरणारा. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच अधिकृत सल्ला आहे. चाचणी फुकट होते. मानेच्या पाच इंचांसह डोकं ठरलेल्या पेटीत ठेवायचं, चिठ्ठी भरायची आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं. नोंदणी मात्र हरीण मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. आमचा निकाल निर्दोष आला. मग वाटे घातले. माझ्या आजोबांच्या वेळी, ७२ च्या आधी, गुहागरकडे रानडुकराच्या हाक्याला जो जो उभा राहिला त्याला सारखा वाटा मिळे. इथेही तसंच केलं: शेतकऱ्यांना, मामाला, घळीतून ओढून काढायला मध्यरात्री गाडी घेऊन आलेल्या दोन मराठी मित्रांना. हरणाची चरबी मेणचट असते, ती आणि पांढरी पातळ साल पूर्ण काढा. पाठीचा लांब तुकडा मिरी-मीठ लावून गरम तव्यावर दोन मिनिटं, बाकी मांडी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कुकरला. खिम्यात चरबी नसते, तूप सढळ हाताने घाला.

जानेवारीत फळ्या, कॅम, दोरी सगळं तपासलं. दोरीला मेण लागतं, तडे कुठे नाहीत. लेक या काळात उंच झाली, ड्रॉ लेंग्थ अर्धा इंच वाढवावी लागली, ॲलन की आणि पाच मिनिटं. आता ४४ पाउंडांवर आहे. उन्हाळ्यात नवी दोरी आणि तिच्या मापाचे थोडे ताठ बाण घ्यायचे आहेत. माझ्यासाठी वेगळं धनुष्य बघतोय, आणि ते याच वर्गातलं असेल.