सीवीड लिक्विड, दाणेदार की पावडर? टोमॅटो-डाळिंबवाल्यांनी घ्यायच्या आधी वाचा

दुकानात सीवीड, म्हणजे समुद्री शेवाळाचं टॉनिक, मागितलं की तीन गोष्टी समोर येतात, लिक्विड, दाणेदार आणि ती काळी पावडर, आणि तिन्हीला टॉनिकच म्हणतात. पण तिघांचं काम वेगळं आहे, म्हणून महाग तेच भारी असं धरू नका.

लिक्विडमध्ये आपल्याकडे बरंच कप्पाफायकस नावाचं लाल शेवाळ असतं. तमिळनाडूत मंडपमकडे मच्छीमार बायका बांबूच्या तराफ्यांवर ते वाढवतात, साधारण 45 दिवसांत काढणीला येतं, मग ताजंच दळून रस पिळतात, ही पद्धत भावनगरच्या सीएसएमसीआरआय या सरकारी मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेची. उरलेल्या चोथ्यातून कॅरॅजिनन, म्हणजे खाद्यपदार्थ घट्ट करायला वापरतात ते, निघतं, म्हणजे वाया काही जात नाही. रसात पोटॅश आणि सायटोकायनिनसारखी संजीवकं असतात. फवारणीला लिटरला अडीच मिली, म्हणजे 16 लिटरच्या पंपाला 40, सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. भाजीपाल्याला फुलोऱ्याच्या आधी मी हेच घेतो.

पावडर बहुतेक अ‍ॅस्कोफिलमची असते, कॅनडा, नॉर्वे, आयर्लंडच्या थंड समुद्रातल्या खडकांवरचं तपकिरी शेवाळ. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने काढतात म्हणून ती अल्कली असते, पाण्यात छान विरघळते, त्यामुळे डाळिंब-द्राक्षाला ड्रिपमधून द्यायला सोयीची. पण एक सांगतो, मी एकदा ती कॅल्शियम नायट्रेटच्याच टाकीत टाकली, त्यातलं अल्जिनेट, म्हणजे शेवाळातला चिकट पदार्थ, कॅल्शियमला धरून जेलीसारखं झालं आणि दोन दिवस फिल्टर धुण्यात गेले. दोन्ही वेगवेगळ्या दिवशीच सोडा.

दाणेदार एकरी 8 ते 10 किलो, लागवडीला किंवा भर लावताना. ओल नसेल तर नुसतं पडून राहतं, आणि पीक अडचणीत आल्यावर टाकून काहीच उपयोग नाही, कोरडवाहू सोयाबीनला खतासोबत एकदा टाकायचं असेल तर ठीक.

आता सीवीड वापरलं की खत कमी करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. यात नत्र, स्फुरद अगदी नावाला असतं. फरक दिसतो तो पीक ताणात असताना, ऊन, पाण्याचा खंड, खारवट जमीन अशा वेळी, आणि जिथे पाणी-खत सगळं व्यवस्थित आहे तिथे कधी कधी दिसतच नाही.

पर्यावरणाचं बघायचं तर कप्पाफायकस शेती करून वाढवतात हे मला पटतं, पण ते मूळचं इथलं नाही, मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ प्रवाळावर पसरल्याचं आढळलंय, ही काळजी खरी आहे. अ‍ॅस्कोफिलम मात्र नैसर्गिक वाढलेलं कापून आणतात, ते परत हळू वाढतं आणि वर जहाजाने येतं. फवारणीला तरी मी इथलंच घेईन.

लेबलवर बायोस्टिम्युलंट (पिकाची वाढ आणि ताण सोसायची ताकद वाढवणारं) लिहिलंय का ते बघाच, 2021 पासून ते खत नियंत्रण आदेशात आलेत आणि त्यात कीटकनाशक 0.01 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 0.01 भाग) वर चालत नाही, निर्यातीच्या द्राक्षाला हे फार महत्त्वाचं. आणि पहिल्यांदा वापरताना मधल्या चार सऱ्या कोऱ्या सोडा, तोडा वेगळा मोजा, मग पुढचा डबा घ्यायचा का ते ठरवा.