आधी मेणबत्ती की आधी शकावली?

‘असं का म्हणतोस?’ विचारलं की नववीतली बरीच मुलं गाइडमधलं वाक्य म्हणून दाखवतात. पुराव्यानिशी लिहिण्याची सवय लावायची तर सुरुवात विज्ञानाच्या तासाला करावी की इतिहासाच्या? बोर्डाच्या पेपरात इकडे ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असतं, तिकडे ‘विधान सकारण स्पष्ट करा’. पण ‘कारण’ देण्याची रीत दोन्हीकडे वेगळी.

विज्ञानात एक बशी, पाणी, मेणबत्ती आणि काचेचा ग्लास पुरतो. जळत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा घातला की पाणी आत चढतं. मुलं लगेच लिहितात, ‘ऑक्सिजन संपला म्हणून.’ वही मिटू द्यायची नाही. पाणी नेमकं कधी चढलं? बरंचसं ज्योत विझल्यावर, झपकन. ग्लास ठेवताना कडेनं बुडबुडे का आले? एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर? पाणी आणखी वर जातं, ऑक्सिजन मात्र तेवढाच. म्हणजे तापून बाहेर गेलेली हवा आणि मग थंड होऊन आकसलेली हवा, हेच मुख्य कारण. आपणच लिहिलेलं वाक्य आपल्याच डोळ्यांदेखत पडतं आणि मूल ते स्वतः खोडून पुन्हा लिहितं. माझ्या मते हा क्षण दुसऱ्या कुठल्या पाठात इतक्या स्वस्तात मिळत नाही.

इतिहासात प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही. तिथं पुराव्याचं वजन करायचं असतं. शिवजन्म १६२७ चा की १६३० चा? उत्तरकालीन बखरींवरून १६२७ हे साल बराच काळ रूढ होतं. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची नोंद, प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. शिवरायांचे समकालीन कवींद्र परमानंद यांचं ‘शिवभारत’ही तीच तिथी देतं. मुलांना हे उतारे द्या आणि विचारा: कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, दोन साधनं जुळतात का? लेखन इथं जास्त कसदार होतं, कारण ‘तरीही’, ‘मात्र’, ‘यावरून’ हे शब्द मुलांना खरोखर लागतात. पण दोन-तीन तास जातात, आणि वाचनात कच्ची मुलं उताऱ्यातच अडकतात.

भूमितीचा उल्लेख फक्त एवढ्यासाठी की पक्ष, साध्य, सिद्धता हा साचा मुलांच्या हाताशी आधीच आहे. प्रत्येक पायरीसमोर कारण लिहायची सवयही तिथलीच. दोन्ही विषयांत तिची आठवण करून द्या.

वर्ग गाइडवर पोसलेला असेल तर पहिल्या सत्रात मेणबत्तीच घ्या. ‘मी पाहिलं’ आणि ‘मला वाटतं’ ही दोन वाक्यं मुलं वेगळी लिहू लागली की दिवाळीनंतर शकावली. वाचनाची गोडी असलेल्या वर्गात थेट इतिहासापासून सुरुवात केली तरी चालेल. फक्त मराठीच्या शिक्षकांना त्या तासाला सोबत बसवा आणि वह्या दोघांनी मिळून तपासा.